छान म्हणायचं नसतं

माझे बाबा बत्तीस वर्षं स्टील पॉलिश करत होते. दारांच्या मुठी, नळांच्या चाव्या, जिन्याच्या कठड्यावर बसवायचे गोळे. तुम्ही कुठल्या तरी हॉटेलात शिरताना दाराच्या मुठीत स्वतःचं नाक बघून दचकला असाल, तर ती मूठ बाबांच्या हातची असू शकते. कारखान्यात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे 'भिंग' म्हणत. इतरांना साफ गुळगुळीत दिसणाऱ्या मुठीवर त्यांना केसाएवढा ओरखडा दिसायचा, आणि एकदा दिसला की तो जाईपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही.

घरीही तेच. आमच्या स्वयंपाकघरातला एकही डबा त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. आई म्हणायची, "डब्यात काय आहे ते बघायला जावं तर आधी आपलंच तोंड दिसतं. तेही सकाळी सकाळी." पाहुणे कौतुक करायचे. बाबा मात्र कौतुक ऐकलं की अस्वस्थ व्हायचे आणि विषय बदलायचे. त्याला कारण होतं.

त्यांच्या कारखान्यात एक मुकादम होता. बाबांनी त्याच्या हाताखाली वीस वर्षं काढली. त्याची तपासायची रीत ठरलेली. मूठ हातात घ्यायची, ट्यूबलाइटखाली धरायची, आणि मुठीकडे न बघता तिच्यात दिसणाऱ्या ट्यूबकडे बघायचं. ट्यूबची कड सरळ दिसली तर काम सरळ, ती जराही थरथरली किंवा धुरकट दिसली तर काम कच्चं. कच्चं असेल तर तो दोषावर नख ठेवायचा आणि "परत" एवढंच म्हणायचा. पक्कं असेल तर काहीच म्हणायचा नाही. मूठ डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि पुढची मूठ कारागिरापुढे सरकवायचा. वीस वर्षांत त्यानं बाबांना एकदाही 'छान' म्हटलं नाही, आणि बाबा हे छाती फुगवून सांगत.

'छान' त्यानं एकालाच म्हटलं होतं. बाबांच्या शेजारच्या यंत्रावर एक म्हातारा कारागीर होता. त्याचे हात कापायला लागले होते. एके दिवशी मुकादमानं त्याची मूठ ट्यूबखाली धरली, बराच वेळ धरली, आणि म्हणाला, "छान झालीय. ठेव तिथे." आख्ख्या खात्यात सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारा जेवायला गेल्यावर मुकादमानं ती मूठ स्वतः पुन्हा घासली. पुढच्या सोमवारी म्हातारा पॅकिंग खात्यात खोकी बांधत होता. बाबा ही गोष्ट मला लहानपणापासून सांगत आले आहेत. शंभर वेळा तरी ऐकली असेल. एवढं असूनही मी माती खाल्ली.

तर झालं असं, की बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की पिकलेत, दोन महिन्यांच्या आत काढा, नाहीतर पुढे शस्त्रक्रिया अवघड होईल आणि दृष्टीची खात्री देता येणार नाही. त्यांनी हे बाबांच्या तोंडावर, सावकाश, दोनदा सांगितलं. बाबांनी मान डोलावली, घरी आले आणि म्हणाले, "तिला काय कळतंय? मला सगळं दिसतं."

सगळं दिसतं म्हणे! घर पाठ होतं म्हणून दिसत होतं. खुर्ची एक वीत सरकवली की धडकायचे, आणि वर खुर्चीलाच रागावायचे. बस आली की नंबर वाचायचा सोडून माझ्याकडे बघायचे. मी आवाज चढवला, रडले, अबोला धरला. मी शाळेत गणित शिकवते, चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करते, पण या एका माणसापुढे माझं काही चालेना. आई म्हणाली, "त्यांना सांगून कळणार नाही. त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे." आणि मग ज्याला दिसतच नाही त्याला कसं दिसणार, म्हणून दोघीही कपाळाला हात लावून बसलो.

तेव्हा मला माझा फोन सुचला. त्याची कड स्टीलची. दोन वर्षं पर्समध्ये किल्ल्यांबरोबर लोळून ती पार विद्रूप झाली होती. मी ठरवलं, बाबांना म्हणायचं, ही आरशासारखी करून द्या. ते करणार, त्यांना ते जमणार नाही, मी दोषावर नख ठेवणार, आणि भिंगाला कळेल की भिंग गढूळ झालंय. डाव होता, मान्य करते. त्या वेळी तो मला फार हुशारीचा वाटला.

रविवारी सकाळी मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच मागे फिरावंसं वाटलं. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. माळ्यावरचा, पॉलिशच्या सामानाचा पत्र्याचा डबा उतरवायला लावला. मग तासभर नुसती तयारी. फोन बंद केला. काचेवर आणि पाठीवर चिकटपट्टी, कडेला इतकी बेताची की केसाचंही अंतर राहू नये. चार्जिंगच्या भोकात मेण, आवाजाच्या बारीक भोकांवर पट्टी. मगमध्ये पाणी आणि त्यात साबणाचा एक थेंब.

पॉलिश पेपराचं गणित मला त्यांनीच शिकवलंय. आधी चारशे नंबरचा खरखरीत, मग आठशे, बाराशे, दोन हजार, शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्यावर पॉलिशची वडी. पहिला पेपर आडवा घासला तर दुसरा उभा घासायचा. म्हणजे आडव्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसतं. एक जरी राहिली तरी पुढे जायचं नाही. मधला नंबर गाळला तर चमक येते, पण चमकेच्या खाली जुन्या रेघा तशाच राहतात आणि उजेड तिरपा पडला की वर येतात.

पेपराचा नंबर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. बाबांनी डब्यातून एक तुकडा काढला, मागची बाजू डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि मग मी बघत नाही असं समजून हळूच गालाला घासून पाहिला. मी उठून आईला भाजी निवडू लागायला गेले.

दिवसभर खिडकीजवळून खस्स खस्स आवाज येत होता. बाबा गुणगुणत होते. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आईनं दोनदा चहा नेऊन ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला आणि एरवी त्यावरून तासभर बोलणारी आई तिसऱ्यांदा चहा टाकायला गेली.

चारच्या सुमाराला त्यांनी पट्ट्या सोलल्या, मेण काढलं, फोन पुसला आणि माझ्यापुढे धरला. "बघ."

मी खिडकीशी गेले. समोरून बघितलं तर चमकत होता. जरा तिरपा केला आणि आवाजाच्या बटणांखाली रेघाच रेघा. आठशेचा पेपर त्यांनी घेतलाच नव्हता, चारशेवरून थेट बाराशेवर गेले होते. खालचा एक कोपरा जास्त घासून बसका झाला होता. माझा डाव बरोबर पडला होता. फक्त नख ठेवायचं होतं.

मी वळले. ते टेबलाला टेकून उभे होते, बोटं काळी झालेली, नाकावरही काळा डाग. माझ्याकडे बघत होते, म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटत होतं तिथे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छान झालाय, बाबा. खूप छान."

शब्द बाहेर पडला आणि मला कळलं मी काय बोलले ते. बाबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी फक्त मान खाली घातली. "बरं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मी फोन पर्समध्ये टाकला, काहीतरी निमित्त सांगितलं आणि माझ्या घरी पळाले. होय, पळालेच.

बुधवारी आईचा फोन आला. "काय बोललीस गं त्यांना?"

"काही नाही. चांगलंच बोलले."

"म्हणजे काय बोललीस?"

मी सांगितलं.

"अगं, अक्कल गहाण ठेवलीस का?" आई म्हणाली. "पॉलिशचा डबा उचलून कचऱ्यापाशी नेऊन ठेवला होता त्यांनी. मी परत आणलाय. दिवसभर पडून असतात. डोळ्यांचं काढलं तर म्हणतात, आता कशाला, माझं पॅकिंग खातं आलं."

मी शाळेतून तशीच गेले. वाटेत बसमध्ये माझी मला इतकी लाज वाटत होती, की मी स्वतःशीच पुटपुटत होते; शेजारच्या बाई मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. परक्यांच्या पोरांच्या वह्यांवर मी लाल पेननं बेधडक फुल्या मारते. आणि ज्या माणसानं मला चूक धरायला शिकवलं, त्याला मी म्हाताऱ्यात काढलं होतं.

बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. डबा आणून आपटला. फोन बाहेर काढला आणि म्हटलं, "परत."

ते वळले. "रविवारी तर छान होता."

"रविवारी मी खोटं बोलले."

"का?"

"तुमच्या तोंडाकडे बघून. चुकले मी. या इकडे."

ते आले, खुर्चीला न धडकता आले. मी त्यांचं बोट धरून बटणांखाली ठेवलं आणि त्यावर माझं नख टेकवलं. "इथे चारशेच्या रेघा आहेत. तुम्ही आठशे गाळलात. हा कोपरा बसवलात. शिकाऊ कामगारानं केलं असतं तर तुम्ही त्याला उभा सोलला असता."

त्यांनी बोट फिरवलं. इतक्या बारीक रेघा बोटाला लागत नाहीत, त्या डोळ्यांनीच धरायच्या असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी फोन खिडकीशी नेला. समोर धरला, तिरपा केला, डावा डोळा मिटून बघितला, उजवा मिटून बघितला. स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"रेघा आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"नक्की?"

"नक्की."

"मला दिसत नाहीत गं," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाले. मग फोन पुसून टेबलावर ठेवला. "घेऊन जा तो. तसाच ठेव, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस. आणि त्या डॉक्टरीणबाईंना विचार, कधी येऊ."

दोन महिन्यांतले नऊ दिवस उरले होते. आधी उजवा डोळा झाला, तीन आठवड्यांनी डावा. बाई रागावल्या, पण त्यांनी काम चोख केलं. घरी परतल्यावर बाबा सगळ्यांत आधी डब्यांच्या फळीपुढे उभे राहिले आणि बराच वेळ स्वतःलाच बघत राहिले. "मी एवढा म्हातारा कधी झालो?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "मी सांगत होते, तुम्ही बघत नव्हता."

महिनाभर धूळ, वाकणं, घासणं सगळं बंद होतं. महिना संपला त्या रविवारी सकाळी सातला त्यांचा फोन. "तो नग घेऊन ये."

मी नेला. त्यांनी खिडकीत धरला, आणि एका क्षणात त्यांचं तोंड कडू झालं. "शी! मुकादमानं तोंडावर फेकला असता." मग पेपरांची मागची बाजू एकेक करून वाचली आणि मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "चारशे. आठशे. बाराशे. दोन हजार." त्यांना दोन रविवार लागले. दोन्ही दिवस मी फोनशिवाय होते आणि माझं काही अडलं नाही.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि टेबलाला टेकून उभे राहिले. या वेळी बरोबर माझ्या डोळ्यांत बघत होते. मी शाळेची रेघी वही उघडून खिडकीशी ठेवली आणि फोनची कड तिच्यावर धरली. घाई केली नाही. चारही बाजू, चारही कोपरे, भोकांच्या कडा, बटणांखालची जागा, सगळं प्रामाणिकपणे, चूक सापडावी म्हणून बघितलं. वहीच्या रेघा कडेमध्ये एकामागून एक सरळ उभ्या होत्या. कुठे थरथर नाही, कुठे धूर नाही. बोलायला तोंडभर शब्द होते.

मी तोंड उघडलं नाही. माझा फोन पर्समध्ये टाकला आणि ओट्यावरचा आईचा फोन उचलून बाबांपुढे सरकवला.