भोपाळला गेलेले वाचक

अजून आठवलं की डोकं तापतं माझं. मध्यभारत राज्य मोडलं, आमच्या शहरातली राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांच्या मागोमाग आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष गेले. आमचे हेही गेले. मी सासूबाईंपाशी इथं लष्कर मोहल्ल्यातच राहिले. कचेरी गेली त्याचं मला काही नव्हतं, पण घरात येणारी पुस्तकं बंद झाली ना!

बाड्याच्या चौकाजवळच्या वाचनालयात लहानपणी मी वडिलांचं बोट धरून जायची. शाळा लवकर सुटली, वाचायला शिकले ती तिथल्या वर्तमानपत्रांवरच. लग्न झालं आणि ते संपलं. सुनांनी तिथली पायरी चढायची नाही, अशी आमच्यात पद्धत. पुस्तक यायचं ते ह्यांच्या नावावर, ह्यांच्या पिशवीतून, ह्यांच्या पसंतीचं. आणि हे दुसऱ्या पानावर घोरायचे! वाचायची मी, मग जाऊबाई, मग शेजारणी.

शेवटी एका दुपारी मीच गेले. आत तोच जुन्या कागदांचा वास, आणि मराठीच्या कपाटांना कुलूप.

"बहनजी, मराठी पढ़नेवाले सब भोपाल चले गए," तिथला बाबू म्हणाला. "एक मेंबर नहीं बचा. किताबें अब गोदाम में जाएँगी."

"अहो, नावं गेली भोपाळला! पढ़नेवालियाँ यहीं हैं."

"पर नाम तो सब मर्दों के हैं."

"अलमारी खोलिए."

कटकट मिटावी म्हणून त्यानं उघडलं. हाताला लागलं ते पुस्तक मी त्याच्यापुढं धरलं. पानापानावर पिवळी बोटं. "ये हल्दी है, बाबूजी. आपके कौन-से मेंबर साहब दाल बघारते थे?"

तो हसला, आणि म्हणे मेंबर व्हायचं तर पतीची सही आणा. घोरणाऱ्याची सही, वाचणारीसाठी!

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आणि शेजारणींना घेऊन गेले. पुरुषांच्या बाकावर ओळीनं बसलो. फुकट पेपर वाचायला येणारे एक काका कुरकुरले, "आज काय हळदीकुंकू आहे का इथं?"

"आहे ना," जाऊबाई म्हणाल्या, "वाण म्हणून पुस्तकं घेऊनच उठणार."

दिवेलागण झाली तरी आम्ही हललो नाही. अखेर आतल्या खोलीतून ग्रंथपाल आले, त्यांनी बाबूकडून कपाटांची किल्ली मागवली, आणि कुणाची सही न मागता कार्डं केली ती आमच्या नावांची. मी कपाटापुढं उभी राहिले. एक काढलं, चाळलं, नाही आवडलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. एवढंसंच सुख हो! पण तेही मला इतकी वर्षं पिशवीतून वाढलं जात होतं, आणि मी मुकाट ताट पुढं करत होते.

हे सुट्टीवर आले तेव्हा म्हणाले, "अगं, माझ्यासाठी एखादं शिकारीचं आण."

"माझ्या पसंतीचं मिळेल," मी म्हटलं.

त्या रात्री मी आणलेलं पुस्तक त्यांच्या छातीवर दुसऱ्या पानाशी उघडं पडलं होतं. मी ते उचललं आणि वाचायला बसले.