गुढीवरचा पाहुणा

हायसिंथच्या फुलांचा वास आला की मला परदेशातल्या न्यूनेन गावातला आमचा पहिला पाडवा आठवतो. नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या नादात मी सकाळपासून गावाबाहेरच्या कुरणात फुलपाखरांमागे धावत होतो. बटण दाबेपर्यंत ती उडून जायची आणि फोटोत नुसतं गवत यायचं. घरी आलो तेव्हा बायकोने बाल्कनीत गुढी उभारली होती, झेंडू मिळाला नाही म्हणून हायसिंथची माळ घालून. ती उदबत्ती लावणार एवढ्यात एक तांबूस फुलपाखरू, पंखांवर मोरपिसासारखे डोळे असलेलं, थेट त्या माळेवर येऊन बसलं. मी कॅमेरा रोखला तर कार्ड फुल्ल. घाईघाईने गवताचे फोटो पुसायला लागलो. “अरे, पुरे आता. पाहुणा आलाय घरी, बघ तरी त्याच्याकडे,” बायको कुजबुजली आणि तिने हातातली पेटती काडी फुंकून विझवली. धुराने ते उडू नये म्हणून पूजा थांबली, श्रीखंडही थांबलं. ते पोटभर रस पिऊन गेलं, मगच उदबत्ती लागली. त्यानंतर काढलेला गुढीचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या माळेवरची रिकामी जागा बोट ठेवून दाखवतो.