सूर्यभानने केलेल्या नोंदी

सेलूच्या बाजारपेठेत, कापसाच्या आडतींच्या मागच्या बोळात एक सार्वजनिक वाचनालय होतं. सूर्यभान घनसावंत तिथे सहायक म्हणून लागला तो १९८१ साली. हुद्दा नावालाच, पुस्तकांवर नंबर टाकणं, कार्डं लिहिणं, फाटलेली पानं डकवणं, सगळं त्याच्याच गळ्यात असायचं. त्याची तक्रार नव्हती. नोकरी मिळाली होती, डोक्यावर पत्रा होता, आई सोबत होती.

मूळ गाव बोरीच्या पलीकडचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा तो परभणीला कॉलेजात शिकत होता. ठराव झाला आणि गावोगावच्या बौद्धवस्त्या पेटल्या. एस.टी. बंद, म्हणून तो निम्मी वाट चालत गावी पोचला, तर आई, चांगुणाबाई, जळक्या भिंतीच्या सावलीला शेळी धरून बसलेली. पुढच्याच वर्षी वडील गेले. मायलेक सेलूला आले. आई जिनिंगमध्ये कापूस वेचायच्या कामाला लागली. दोन-चार वर्षांत तिच्या छातीत कापसाची धूळ भरली आणि खोकला कायमचा वस्तीला आला.

वाचनालयाचे ग्रंथपाल बन्सीधरराव म्हणजे निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला माणूस. सूर्यभानला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं. म्हणायचे, "हे बघा, पुस्तक आपल्याला आवडलं का नाही ते कार्डावर येत नाही. ते कशाबद्दल आहे तेवढंच लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. उद्या येणाऱ्या माणसाला ते सापडलं, की झालं आपलं काम."

सूर्यभानला या कामाचा नादच लागला. कापसावरच्या किडीचं एक पुस्तक कुणीतरी कापडगिरण्यांच्या विषयात टाकून दिलं होतं. ते हुडकून शेतीच्या कपाटात आणलं, त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला. आईला वाटलं, पगार वाढला.

बन्सीधरराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवा ग्रंथपाल नेमायचं कमिटीच्या मनात काही येईना, आणि सूर्यभानला ती जागा द्यायचं तर कुणी बोललंही नाही. काम तो करत राहिला. अशात १९९१ साली सेलूच्याच, पण पुण्यात बस्तान बसलेल्या एका कारखानदाराने वाचनालयाला कॉम्प्युटर दिला. गावातला तो पहिलाच म्हणायचा. नारळ फोडला, पडद्याला कुंकू लावलं. खोलीत चपला घालून जायला मनाई झाली. अध्यक्ष दिनकरराव वकील होते, हौशी होते. त्यांनी सूर्यभानला परभणीला क्लासला धाडलं.

तो शिकून आला. काळ्या पडद्यावर हिरवी मराठी अक्षरं उमटवायला लागला. एक शब्द टाकून बटण दाबलं की त्या विषयाची सगळी पुस्तकं एकाखाली एक उभी राहतात, हे पाहून तो स्वतःच हरखून गेला. दिनकररावांना म्हणाला, "साहेब, माळ्यावर जुन्या पेपरांच्या फायली पडल्यात. त्यातल्या बातम्याबी गाववार, विषयवार चढवल्या तर? कुणालाबी आपल्या गावाचं काय छापून आलंय ते दिसंल."

"करा की," दिनकरराव खूश झाले. "जिल्ह्यात कुणी केलं नसेल असं होईल."

कार्डांची गरज संपली असं ठरवून कमिटीने ड्रॉवरचं कपाट मोडीत काढलं. कार्डांची मागची कोरी बाजू निरोपाच्या चिठ्ठ्यांना कामी आली. सूर्यभानला जरा चुटपुट लागली, पण मशीनच्या भरात तो गप्प बसला.

एकेक वर्षाची फाइल उतरवून तो बातम्या चढवत गेला. गावं, धरणं, दुष्काळ, यात्रा, निवडणुका. लाइट जायची, केलेलं पुसून जायचं, तो पुन्हा करायचा. असं करत तो ७८ सालच्या ऑगस्टपर्यंत आला. परभणीच्या एका दैनिकात, आतल्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली त्याचं गाव होतं. चार ओळी. अज्ञात कारणाने काही झोपड्यांना आग, जीवितहानी नाही.

त्याने ती बातमी घरी आईला सांगितली. ती बाजेवर उठून बसली.

"झोपड्या म्हनत्यात व्हय?" खोकला आवरत ती म्हणाली. "दोन खनाचं माळवद व्हतं आपलं. पांढरी माती तुझ्या बापानं डोक्यावर वाहिली. लोकं आमच्या माळवदावर मिरच्या वाळू घालायचे. तीन घरं जळली, तिन्ही माळवदाची. झोपडी कुनाची व्हती?"

जाळणाऱ्यांची नावं तिने आजवर घेतली नव्हती, त्या दिवशीही घेतली नाहीत. एवढंच म्हणाली, "आता तू लिवायलायस ना? मग नीट लिव."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान मशीनपुढे बसला. बन्सीधररावांचं सांगणं त्याला आठवत नव्हतं असं नाही. तरी त्याने गावाच्या नावापुढे विषय घातला: नामांतर, जाळपोळ. आणि त्याखाली: बौद्धवस्तीतील तीन घरे, माळवदाची.

पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग भरली. सगळे चपला काढून मशीनभोवती जमले. दिनकरराव कौतुकाने म्हणाले, "कुठल्याही गावाचं नाव सांगा, सगळं बाहेर येतं."

"मग आमचं टाका की," कमिटीतले व्यंकटराव म्हणाले.

सूर्यभानची बोटं थांबली. व्यंकटराव त्याच्याच गावचे. चार विहिरींची शेती मुलांवर सोपवून सेलूत आडत चालवत होते. सूर्यभान त्यांना ओळखत होता, तेही त्याला ओळखत होते, पण इतक्या वर्षांत दोघांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. आग त्यांनी लावली नव्हती. आई सांगायची, ते आपल्या विहिरीवर हाताची घडी घालून उभे होते आणि वस्तीला एक बादली पाणी काढू दिलं नव्हतं.

"टाका ना, सूर्यभान," दिनकरराव म्हणाले. "काय झालं?"

त्याने नाव टाकलं. शाळेची इमारत आली, पाझर तलाव आला, कुस्त्यांचा फड आला. मग ती ओळ आली. जो तो ती मनातल्या मनात वाचायला लागला.

व्यंकटरावांनी चष्मा काढून पुसला. आजवर ते त्याला तुमी म्हणायचे.

"चांगुणाचा तू," ते सावकाश म्हणाले. "ठाऊक हाय मला. खाऊन-पिऊन बरा हाईस की. मग हे कशाला उकरायलायस?"

सूर्यभान उठून उभा राहिला.

दोन दिवसांनी दिनकररावांनी त्याला घरी बोलावलं. चहा दिला, खुर्ची दिली.

"तुमच्यावर कुणाचा राग नाही," ते म्हणाले. "पण ही संस्था आहे. चार लोकांच्या देणग्यांवर चालते. ती नोंद काढून टाका."

"साहेब, पेपरात छापलंय ते."

"पेपरात झोपड्या छापल्यात. मी फाइल मागवून बघितली. घरं तुम्ही लिहिलीत."

सूर्यभानने कप खाली ठेवला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मग झोपड्या लिहितो, साहेब. पन ऱ्हाऊ द्या."

दिनकररावांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "काहीच नको. आणि ते पेपरांचं कामच थांबवा आता. पुस्तकांपुरतं बघा. पुसायचंही तुम्हीच, बाबा. दुसऱ्या कुणाला येतंय ते?"

त्याने पुसलं. मशीनने इंग्रजीत विचारलं, नक्की का? त्याने होय म्हणून बटण दाबलं. त्या नोंदीच्या जागी खालची नोंद वर सरकली, मोंढ्यातल्या कापसाच्या भावांची. सूर्यभान खुर्चीत तसाच बसून राहिला. बाहेर कुणीतरी स्पर्धा परीक्षेचं गाइड मागत होतं, म्हणून त्याला उठावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून मशीनमधून धूर निघाला. औरंगाबादहून आलेल्या मेकॅनिकने झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मान हलवली. सूर्यभानने फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलं होतं, पण निम्म्या फ्लॉप्या धुळीने आणि उष्म्याने गेल्या होत्या. उरलेल्या लावायला मशीनच नव्हतं. पुण्याच्या कारखानदाराला कळवलं, उत्तर आलं नाही. दोन वर्षं चढवलेली पुस्तकंही गेली. कार्डं तर आधीच गेली होती. आता कुणी पुस्तक मागितलं की सूर्यभान नुसत्या आठवणीवर कपाटाकडे जायचा. सापडलं तर सापडलं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आईने अंथरूण धरलं. एका दुपारी तिने विचारलं, "ते आपलं अजून हाय का मशिनीत?"

"हाय," तो म्हणाला.

"माळवद लिवलंस ना?"

"लिवलंय."

ती बरं म्हणाली. आठवड्याभरात गेली.

जानेवारी उजाडला आणि संक्रांतीला विद्यापीठाला नवं नाव मिळाल्याचं जाहीर झालं. जिल्ह्यात बंदोबस्त होता. दोन दिवस वाचनालय बंद ठेवायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सूर्यभानने कुलूप काढलं, साठलेले पेपर काठ्यांना लावले. वाचायला पाच-सहा माणसं आली. व्यंकटरावही आले, पहिलं पान वाचलं, आतली पानं चाळली, आणि म्हणाले, "झालं हे माझं. दुसरा पेपर द्या."

त्याने दुसरा दिला.

सगळे गेल्यावर तो पहिल्या पानाचा मथळा वाचत उभा राहिला. बोटांना सवय होती. गाव, विषय, तारीख मनात आपसूक लागून गेली. पण ती नोंद चढवायला आता काही नव्हतं. कोऱ्या कार्डांसाठी त्याने कमिटीकडे दोनदा अर्ज दिला होता, दोन्ही वेळा पुढच्या मीटिंगवर गेला. त्याने काठीवरून पेपर सोडवला, दुमडून गठ्ठ्यात घातला, आणि फडकं घेऊन टेबलं पुसायला लागला.