चपलांच्या ढिगातलं पिनियन

भाऊची बाज पांदणीतून चौघांनी उचलून न्यावी लागली, त्या दिवशी मी देवीशी बोलणं बंद केलं. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला वाशिमला मशीनवर न्यावं लागतं, रक्त धुवून घ्यायला. आमचं घर मेडशीपासून आत, शेतात आहे आणि डांबरी रस्त्यापर्यंतची पांदण सगळी काळ्या मातीची. पावसाळा सरला तरी दिवाळीपर्यंत ती वाळत नाही. ऑटोवाले तिच्या तोंडाशीच हात जोडतात, अँब्युलन्स डांबरीवरूनच हॉर्न वाजवते. त्या चिखलातून येणारजाणारं एकच वाहन होतं, आमची जुनी डिझेल पिकअप. भाऊनं ती उमेदीच्या काळात सेकंडहँड घेतली, समोरच्या काचेवर 'जगदंबा प्रसन्न' लिहून घेतलं आणि आजारी पडेपर्यंत स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. दर रामनवमीला आम्ही तिच्यातच जगदंबेच्या दर्शनाला पोहरादेवीला जायचो. मग चालवणं माझ्याकडे आलं, आणि भाऊ शेजारी बसून माझ्या चुका काढू लागला.

घट बसले आणि त्याच आठवड्यात ती गाडी बसली. पांदण चढताना मागच्या चाकांच्या धुऱ्यातून कडाड आवाज झाला, चाकं जागच्या जागी राहिली. ट्रॅक्टरनं ओढून मेडशीला देविदास मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. त्यानं धुऱ्याचं हौसिंग उघडलं तर आतल्या क्राऊनचे दात खाल्ले गेलेले आणि पिनियन फुटलेलं. क्राऊन म्हणजे मोठं चक्र, पिनियन म्हणजे त्यात फिरणारं लहान. ही दोन्ही जोडीनंच घ्यावी लागतात, एक इकडचं आणि एक तिकडचं चालत नाही. देविदास म्हणाला, हे नवरा-बायकोसारखं आहे, दुसऱ्याची आणून बसवली की घरात नुसती करकर. एरवी मी हसलो असतो.

ही गाडी कंपनीनं बनवणं सोडूनच जमाना झाला. अकोल्याला गेलो. जुन्या मालाच्या एका दुकानदारानं तुटलेलं पिनियन हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "भैया, ये गाडियाँ तो सब कटिंग में गयीं." म्हणजे तुकडे होऊन भंगारात गेल्या. दुसऱ्यानं उद्या या म्हटलं, तिसऱ्यानं चहा पाजला. अमरावतीहून एकानं पार्सलनं जोडी पाठवली, ती हुबेहूब दिसत होती, पण दात मोजले तर जुळेनात. त्याच्याशी मी फोनवर इतका भांडलो की बसस्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. माझं तोंड असंच आहे, फटकळ. घरचे म्हणतात, ह्याला देवानं जीभ दिली नाही, विळा दिला.

इकडे मशीनची पाळी काही थांबत नव्हती. पहिल्यांदा शेजाऱ्याच्या ट्रॉलीत गादी टाकून भाऊला नेलं. हिसक्यांनी तो इतका बेजार झाला की उलट्या करतच वाशिमला पोचला, आणि त्यानंतर ट्रॉलीचं नाव काढू देईना. बैल आम्ही केव्हाच विकलेले. म्हणून दुसऱ्या पाळीला गावातली चार माणसं बोलावली, भाऊला बाजेवर निजवलं आणि खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत नेलं. सोयाबीन सोंगणाऱ्या बाया हातातले विळे ठेवून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं तर पदर डोक्यावर घेऊन हातच जोडले. भाऊनं ते पाहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, "चौघाच्या खांद्यावर मानूस एकदाच जाते, लहान्या. मी पुन्हा नाही जानार. गाडी देवीची होती, तिनंच थांबवली. आता मलेही थांबू दे."

मी चिडलो. म्हटलं, गाडी लोखंडाची आहे, झिजली म्हणून तुटली, देवीला काय दुसरे धंदे नाहीत? तो नुसता हसला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. पुढची पाळी दसऱ्याच्या दिवशी सकाळची होती. मशीन चुकलं की पाणी अंगात साचतं, छातीत चढतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलेलं होतं. भाऊलाही ते कळत होतं, आणि म्हणूनच तो इतका शांत होता. खरं सांगतो, मला त्याच्या त्या शांतपणाचीच भीती वाटली. तोपर्यंत मी गाडीचा पार्ट शोधत होतो. त्या संध्याकाळपासून मी भाऊला खोटं पाडायला निघालो.

अष्टमीला कळलं की इंझोरीत एका शेतकऱ्याच्या खळ्यात तशीच गाडी बंद उभी आहे. निघताना वहिनी आडवी आली. ती नवरात्राच्या उपासानं सुकून गेली होती. तिनं माझ्या पिशवीत हिरवा खण, नारळ आणि ओटीचे तांदूळ घातले आणि म्हणाली, "तिकडं चाललेच तं पोहऱ्याले ओटी देऊन या, भाऊजी. मागू नका काही. फकत देऊन या." मी नको म्हणणार होतो, पण तिच्या तोंडाकडे पाहून पिशवी खांद्याला लावली. त्याच पिशवीत खाली, कागदात गुंडाळलेलं ते फुटकं पिनियन होतं. नमुना जवळ असलेला बरा, म्हणून मी ते सगळीकडे घेऊन फिरत होतो.

इंझोरीला पोचलो तर खळ्यात गाडी नव्हतीच. नुसत्या चार विटा होत्या आणि मधल्या मातीवर तेलाचा काळा डाग. भंगारवाला आठवड्याआधीच घेऊन गेला होता. त्या शेतकऱ्यानं पाणी दिलं, जेवून जा म्हणाला. घास उतरला नसता. परत फिरावं तर वहिनीची ओटी पिशवीत. म्हणून पोहरादेवीची गाडी धरली. भक्ती वगैरे काही नव्हती, खोटं कशाला बोलू? ओटी परत घरी नेण्याची हिंमत नव्हती, एवढंच.

पोहऱ्याला नवरात्राची तोबा गर्दी होती. फुलांच्या एका दुकानाशी उभा राहून पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. पिनियनचं काळं ग्रीस कागदातून पाझरून खणाला लागलं होतं. हिरव्या खणावर हा एवढा डाग. फूलवालीला दुसरा खण मागितला तर ती म्हणाली, घरून बाईनं दिलेला बदलू नये, तसाच द्या. आणि ते लोखंड घेऊन रांगेत कशाला जाता, चपलांजवळ ठेवा, त्याला कोण नेतं? तेही खरंच होतं. मी चपला काढल्या आणि पिनियन त्यांच्याजवळ ठेवून रांगेला लागलो.

देवीसमोर उभा राहिलो तेव्हा हात जोडले खरे, पण तोंडातून प्रार्थना निघेना. इतक्या दिवसांचा राग वर आला. मनातल्या मनात मी म्हणालो, "माय, मी काई मांगत नाही. भाऊले न्यायचं असन तं ने, ठेवायचं असन तं ठेव, तुही मर्जी. पन ह्या खुना पाठवनं बंद कर. त्याले त्या समजत नाहीत अन् मलेही समजत नाहीत." एवढं बोललो आणि डागाळलेला खण पुढे केला. पुजाऱ्यानं तो घेऊन देवीच्या पायाशी ठेवला. बाहेर आलो तेव्हा राग उरला नव्हता. आता पार्ट मिळत नाही, हे मी मान्य केलं होतं. घरी जाऊन भाऊजवळ बसायचं, तो म्हणेल तसं करायचं, असं ठरवूनच पायऱ्या उतरलो.

चपलांच्या ढिगाशी एक माणूस उकिडवा बसला होता आणि माझं पिनियन हातात घेऊन बोटानं त्याचे दात मोजत होता. मला पाहून म्हणाला, "हे तुमचं होय? कोनत्या गाडीचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, त्याच्याकडेही तीच गाडी आहे. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा तो, परसराम. तांड्यावरच्या बायांना दर्शनाला घेऊन आला होता. दरसाल दसरा झाला की ह्याच गाडीत टोळीचा संसार भरून तो ऊसतोडीला दूर पश्चिमेकडे जातो. वाटेत मोडलं तर पार्ट मिळायचा नाही, म्हणून त्यानं कटिंगला निघालेल्या एका गाडीची क्राऊन-पिनियनची जोडी काढून घरी जपून ठेवली होती. तेलात, पोत्यात गुंडाळून. "दात तेवढेच हायेत," तो म्हणाला आणि पिनियन माझ्या हातात दिलं.

मी त्याला ती मागितली नाही, हे मी शपथेवर सांगेन. मागायची सोयच नव्हती. शेकडो कोस बायकापोरं घेऊन जाणाऱ्या माणसाची एकुलती एक जोडी कोण कशी मागणार? त्यानं विचारलं म्हणून मी भाऊची हकीकत तेवढी सांगितली. तितक्यात त्याची बायको दर्शन घेऊन आली. तिनं त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं. ते खरं तर दुसऱ्या दिवशी येणार होते, पण हिनंच आजचा हट्ट धरला होता, असं तो मघाशी सांगत होता. ऐकून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आपली चालून राह्यली. त्याईची थांबली. ज्याची थांबली त्याले आधी द्या."

माझ्या विळ्यासारख्या जिभेला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. मी तिथेच, चपलांच्या गर्दीत, लहान पोरासारखा रडलो. बाया पाहत होत्या, पाहू द्या म्हटलं. मग त्यांच्याच गाडीत मागे बसून तांड्यावर गेलो. परसरामनं जोडी तारेनं एकत्र बांधून पोत्यात घातली. जोडीला त्यानं स्वतः दिले होते तेवढेच पैसे घेतले, वर काही ठेवू दिलं नाही. म्हणाला, देवीच्या दारात ठरलेल्या गोष्टीचा धंदा करत नसतात.

नवमीच्या सकाळी पोतं घेऊन देविदास मिस्त्रीकडे गेलो, तर तिथे दुसरीच अडचण. खंडेनवमी होती. सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊनपुसून पाटावर मांडलेले, हळदीकुंकू वाहिलेलं, पुढे नारळ. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम. आणि दसऱ्याच्या सकाळी तर मशीनची पाळी. मला वाटलं, आता हा नेम सांगेल आणि मी ह्याचा गळा धरेन. पण देविदासनं जोडी उघडली, दात मोजले, पाटाकडे पाहिलं, आणि रस्त्यापलीकडच्या सलीमभाईच्या गॅरेजकडे चालू लागला. जाताना म्हणाला, "माहे पाने पूजेत बसले. हात नाही बसले."

सलीमभाई पानेही घेऊन आला आणि स्वतःही आला. दोघांनी मिळून दिवस मावळायच्या आत धुरा बसवला. देविदासनं एकदाही पाटाकडे हात नेला नाही. मी मात्र जाताना त्या पाटापुढे डोकं टेकवलं. काल ज्या देवीला बोल लावले होते, तिला ह्या पान्यांमध्येच पाहणं मला सोपं गेलं.

दसऱ्याच्या सकाळी पांदणीतून गाडी घरी आणली. वहिनीनं झेंडूचा हार घातला, बोनेटला कुंकू लावलं आणि गाडीला ओवाळलं. भाऊ बाजेवर बसून आवाज ऐकत होता. मी जवळ गेलो. चल म्हणायचं धाडस होत नव्हतं. त्यानं विचारलं, "कोनी देल्ली?" मी म्हटलं, गाडीत बस, सांगतो. ऐकायचं होतं म्हणून की काय, तो उठला आणि माझा हात धरून पुढच्या सीटवर येऊन बसला. मी वाटेत सगळं सांगितलं, देवीला काय बोललो तेही. वाटेतलं मालेगाव मागे पडल्यावर भाऊ म्हणाला, "अन् तो मानूस एवढ्या दूर आता कशाच्या भरोशावर जाईन?"

ह्याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. एक बाई एक दिवस आधी दर्शनाला आली, एक माणूस चपलांजवळ बसला, दुसऱ्यानं पूजा न मोडता काम केलं, इतकंच झालं. पण मी आयुष्यभर देवीच्या दारात मागायलाच गेलो होतो, आणि ज्या दिवशी मागणं सोडून तुझी मर्जी म्हणालो, त्या दिवशी माझी ओंजळ रिकामी होती म्हणूनच तिच्यात काही पडू शकलं, असं मला वाटतं. सोडून देणं म्हणजे हरणं नव्हे, हे मला तिथे कळलं. त्या बाईचे, परसरामचे, देविदासचे आणि सलीमभाईचे उपकार ह्या जन्मात फिटायचे नाहीत. आता मी रोज दिवा लावताना आधी दुसऱ्याच्या गाडीचं नाव घेतो.

दसऱ्याच्या त्या दिवशी भाऊ मशीनवर असतानाच परसरामचा फोन आला. जोडी नीट बसली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. भाऊनं मोकळा हात पुढे करून फोन मागितला. आधी त्यानं एका गाडीवाल्यानं दुसऱ्याची करावी तशी चौकशी केली, धुऱ्यात तेल कोणतं टाकता, घाटात उतरताना गिअर कोणता ठेवता. मग "संभाळून जा, दादा," तो म्हणाला. "चैतात परत याल ना? रामनवमीले मी गाडी घेऊन येतो पोहऱ्याले. तुमच्या मंडळीले सांगा, सोबत दर्शन घेऊ." सोबत आलेली वहिनी खाटेच्या पायथ्याशी बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. भाऊनं फोन माझ्या हातात दिला आणि नर्सबाईला विचारलं, पुढची पाळी सकाळची आहे की दुपारची.