झेलायला भोरची, बोलायला पुण्याचे

भोरच्या एसटी स्टँडवर कुणाला सांगितलं की मी अमेरिकन फुटबॉल खेळलेय, तर तो आधी माझ्या पायांकडे बघतो. पायांचं त्या खेळात काम पळण्यापुरतं. बाकी खेळ हातांचा. सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू एकीने फेकायचा आणि दुसरीने पळत जाऊन झेलायचा. आम्ही खेळायचो त्यात पाडापाडी नसते. कमरेला पट्ट्या लोंबत असतात, पट्टी ओढली की ती खेळी संपली. झेलणारीला रिसीव्हर म्हणतात. मी रिसीव्हर होते. एवढं सांगेपर्यंत समोरच्याची गाडी लागलेली असते, आणि तो जाताजाता म्हणतो, "म्हणजे रग्बीच की." मी आता दुरुस्त करत नाही.

मी भोरजवळच्या उत्रोलीची. घरी भातशेती. लावणीच्या वेळी चुलता बांधावरून रोपांच्या मुठी फेकायचा आणि मी खाचरात उभी राहून त्या वरच्यावर घ्यायची, कारण चिखलात पडलेली मूठ शोधायला पुन्हा वाकावं लागतं. यात कौतुकाचं काही नव्हतं, आमच्या आळीतली प्रत्येक मुलगी ते करायची. भोरच्या कॉलेजात खोखो खेळले, आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायला पुण्याला गेले. तिथल्या मैदानावर सर भेटले.

सर अमेरिकेत शिकून आले होते. तिथे ते काय खेळले हे कुणी कधी पाहिलं नाही, पण टोपी तिथली होती. मुलींचा संघ उभा करत होते. मी दोन चेंडू झेलले तसे म्हणाले, "वॉव! कुठली तू?" मी भोर म्हटलं. त्या दिवसापासून मी 'भोर'. माझं नाव त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. ज्याला गरज नाही त्याला कशाला द्या?

चेंडू फेकायचं काम संघातल्या, सरांच्या एका लाडक्या खेळाडूकडे होतं. मुलगी वाईट नव्हती. तिचा हात मात्र लांब पोचायचा नाही, आणि हे सरांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक डाव बसवला. मी जीव खाऊन लांब पळायचं, माझ्यामागे समोरच्या दोघी तरी धावणार, आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत चेंडू दुसऱ्याच कुणाकडे टाकायचा. तो डाव चालायचा. दुसरी झेलायची, टाळ्या तिला, आणि मी मैदानाच्या टोकाला उभी राहून धापा टाकायची.

"सर, एखादा माझ्याकडं टाकायला सांगा ना," मी एकदा म्हटलं.

"भोर, तुझा रोल खूप इम्पॉर्टंट आहे. तुझ्यामुळे बाकीच्यांना स्पेस मिळते."

औताच्या बैलालाही कुणी असं समजावत नाही. त्याला निदान वैरण टाकतात.

हैदराबादच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. शेवटची खेळी होती आणि आम्ही मागे होतो. डाव नेहमीचाच. पण समोरच्या मुलींना तो एव्हाना पाठ झाला होता. माझ्यामागे कुणी आलंच नाही. त्या सगळ्या जवळच्या मुलींना चिकटून राहिल्या. फेकणारी घाबरली. पट्टी ओढायला एक तिच्या अंगावर आली तसा तिने डोळे मिटून चेंडू भिरकावला. तो माझ्याकडे टाकला होता असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या बाजूला आला एवढंच. मी अंग झोकून दिलं आणि तो उजव्या हातात आला. डावा हात खाली आपटून करंगळी उलटी वळली. टोकाच्या रेषेपलीकडे झेललेला, म्हणून गुण आमचे. आम्ही जिंकलो.

पोरी माझ्यावर पडून रडत होत्या तेव्हा सर कॅमेऱ्यासमोर उभे होते. बोट धरून मी त्यांच्या मागेच होते, त्यामुळे सगळं ऐकलं. "ही खेळी आम्ही मुद्दाम राखून ठेवली होती," ते सांगत होते, "ग्रामीण टॅलेंट ओळखायला नजर लागते."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "सर, हे कधी ठरलं होतं?"

"डोन्ट बी निगेटिव्ह, भोर. जिंकलोय ना?" मग बोटाकडे बघून म्हणाले, "टेप लाव. उतरेल सूज."

सूज उतरली. बोट वाकडंच राहिलं.

भोरला माझा सत्कार झाला. बॅनरवर गोल फुटबॉल, आणि माझ्यापेक्षा मोठे फोटो ज्यांचे होते त्यांनी त्या खेळाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. मुख्य पाहुणे भाषणात म्हणाले, आपल्या भोरच्या कन्येनं निर्णायक गोल केला. टाळ्या. मग त्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली आणि कॅमेरावाल्याने सांगितलं म्हणून काढून पुन्हा घातली. घरी येताना आई म्हणाली, "तुज्याबद्दल काय बोलला न्हाई गं त्यो. समदं सोताचंच." आई चौथी शिकलेली, पण भाषण ऐकायला तेवढं पुरतं.

पुढे तो संघ मोडला. लाडकी लग्न करून परदेशी गेली, सरांनी पुण्यात स्वतःची अकादमी काढली आणि मला वेल्ह्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली. मैदान म्हणजे भात निघाल्यावर मोकळं पडलेलं शेजारचं रान. मुख्याध्यापकांनी एकच विचारलं, "बाई, ह्याचे दहावीला गुण मिळतात का?" मी नाही म्हटलं, तसा त्यांचा रस संपला आणि मला निवांत शिकवता आलं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये येणार अशी बातमी आल्यावर तेच मुख्याध्यापक चेंडू हातात घेऊन फोटो काढून गेले. उलटा धरला होता असं म्हटलं असतं, पण त्या चेंडूला उलटसुलट नसतं.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या संघासाठी भोरला निवड शिबिर ठरलं. निवडायला कोण, तर सर. मी माझ्या पोरी घेऊन गेले. सरांचं पोट सुटलं होतं, टोपी नवी होती. माझ्याकडे बघून "नमस्कार मॅडम" म्हणाले आणि पुढे गेले. ओळख पटली नव्हती.

माझ्या संघात एक कातकरणीसारखी काटक, धनगरवाड्यावरची मुलगी होती. तिच्याइतकं वेगात कुणी पळत नव्हतं. सरांनी ते लगेच हेरलं आणि तिला लांब पळायला लावलं. एकदा, दोनदा, पुन्हा. चेंडू दुसरीकडेच. शेवटी ती मैदानाच्या मधोमध थांबली.

"सर, माज्याकडं कवा टाकनार?"

"बेटा, तुझ्यामुळे बाकीच्यांना स्पेस मिळते."

"म्हंजी म्या निस्तंच पळायचं?"

पोरी हसल्या. सरांचा चेहरा उतरला. मी पुढे झाले. "सर, मीही तुमच्याकडं तेवढंच केलंय. हैदराबादला होते मी."

ते एकदम उजळले. "अरे, भोर! पोरींनो, ह्या तुमच्या मॅडम, ह्यांना तो कॅच मी शिकवला."

"नाही," मी म्हटलं. "पळायला लावलंत. झेलायला मी घरून शिकून आले होते. आणि त्या दिवशी माझ्याकडे चेंडू यावा असं तुमच्या मनातही नव्हतं."

सरांनी शिट्टी फुंकली आणि पुढचा गट बोलावला.

निवड झाली. माझ्या दोन पोरी घेतल्या, दोघी धनगरवाड्यावरच्या मुलीहून हळू. तिच्याबद्दल सर म्हणाले, "ॲटिट्यूड प्रॉब्लेम." तिचा बाप शाळेत आला, चप्पल बाहेर काढून उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, तुमचं खरं आसंल," तो म्हणाला. "पन तुमी गप ऱ्हायला पायजे हुतं. तुमची नोकरी हाय. पोरीचं ऱ्हायलं."

तो चूक बोलत नव्हता. मुलगी बरेच दिवस सरावाला आली नाही. मग एके दिवशी आली, माझ्याशी न बोलता रांगेत उभी राहिली आणि चेंडू मागून घेतला. अजून फारसं बोलत नाही. खेळते मात्र.

निवड झालेल्या दोघी सरांच्या अकादमीतल्या सरावावरून सुट्टीला आल्या त्या सरांचं नाव छापलेले टीशर्ट घालून. मी विचारलं, काय शिकवलं?

"बाई, लई पळवत्यात," एक म्हणाली.

"आन चेंडू?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "पन बाई, तितं जेवान लई भारी आसतं. रोज अंडी."

"मग खावा पोटभर," मी म्हटलं.