सगळ्या परमिशन साहेबांच्या नावावर

कारखाना सोडून वर्ष झालं, तरी चहाला बसलो की मित्र म्हणतात, "तुझ्या त्या परमिशनचं सांग." एक सांगायला जातो, तर चार आठवतात. सरावलीजवळच्या फुग्यांच्या कारखान्यात तीन वर्षं माझं काम एकच. कॉम्प्युटरवर कोणाला काय दिसावं आणि कोणाला काय बदलता यावं, त्याच्या परमिशन द्यायच्या. ठरवायचे मॅनेजरसाहेब, बोलणी खायचो मी.

*

पहिला मान आमच्या गुजराती शेठचा. "फॅक्टरी माझी, जमीन माझी, ने मला डिलीट करता येत नाय?" म्हटलं, घ्या सगळ्या परमिशन. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकांची अख्खी यादी गायब. शेठ म्हणाले, "बहु लांब होती, वाचायला कंटाळा येते."

बॅकअपमधून यादी परत आणली आणि शेठना फक्त बघायची परमिशन ठेवली. लॉगिनचं नाव मात्र दिलं 'सुपर मालक'. त्यांनी त्या स्क्रीनचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

*

अकाउंटंटच्या स्क्रीनवर अकरा बटणं, स्टोअरकीपरच्या स्क्रीनवर सात. स्टोअरकीपर माझ्या टेबलाशी येऊन उभे. "मी त्याच्या आधी लागलोय इथे."

"अहो, पण ती बटणं तुमच्या कामाची नाहीत."

"नसू देत. दिसली पाहिजेत."

दाबली तरी काही होणार नाही अशी चार बटणं मी त्यांना करून दिली. त्यानंतर दोन वर्षांत एक तक्रार नाही!

*

माल गेटबाहेर सोडायची मंजुरी फक्त मॅनेजरसाहेबांच्या लॉगिनमधून. चैत्रात साहेब विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत आणि इकडे भरलेला टेम्पो गेटवर अडकलेला. शेवटी साहेबांनी ऑपरेटर रंजनाताईंना फोनवरून पासवर्ड सांगितला. जत्रेतला गोंगाट, त्यामुळे ओरडून, तेही तीनदा. फोनमधून मागचा कोणीतरी म्हणताना ऐकू आला, "साहेब, आता आम्हाला पण पाठ झाला."

रंजनाताई तलासरीकडच्या पाड्यावरून यायच्या, कंत्राटावर होत्या. त्या दिवसापासून साहेबांचं कॉम्प्युटरचं सगळं काम त्याच करायला लागल्या, साहेबांच्याच लॉगिनमधून. साहेब बाजूला मोबाइल बघत बसायचे. ताईंनी स्वतःचं लॉगिन मागितलं, तर म्हणाले, "कंत्राटी माणसाला कशाला पाहिजे? माझं आहे ना."

*

मग शेठच्याच मुंबईच्या ऑफिसातून फतवा आला. कॉम्प्युटरवर ज्याचं काम दिसत नाही, त्या कंत्राटी माणसाला महिनाअखेर कमी करा. रिपोर्ट काढायचा मी. साहेबांच्या नावावर एंट्र्यांचा डोंगर, अगदी ते रजेवर असतानाच्यासुद्धा. रंजनाताईंच्या नावावर शून्य.

मी साहेबांना म्हटलं, "खरं काय ते कळवा. त्या बाईंचं घर चालतं यावर."

"पासवर्ड दिला असं कळवू? माझीच नोकरी जाईल."

चार वर्षं काम करणाऱ्या बाईला हा माणूस गप्प बसून घरी पाठवणार होता. मला त्याची चीड आली, अजून येते. रिपोर्ट होता तसा पाठवला. खाली फक्त एक ओळ घातली, की आमच्या साहेबांचा वेग इतर शाखांनी शिकण्यासारखा आहे.

चार दिवसांनी मुंबईच्या ऑफिसातल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल. शेठसकट सगळे समोर बसलेले. मॅडम म्हणाल्या, "साहेब, कमाल आहे तुमची. एक एंट्री करून दाखवा. रेकॉर्ड करून सगळीकडे पाठवते."

साहेब कॉम्प्युटरसमोर बसले. माउस धरला, सोडला, परत धरला. कपाळ पुसलं. मग मान वळवून हळूच म्हणाले, "रंजना, जरा इकडे ये."

रंजनाताई जागच्या हलल्या नाहीत. मुंबईपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी कशी येऊ साहेब? माझा तर नावच नाय त्यात."