जादा पाळीची विहीर

"झालंच समजा," असं म्हणून ते दोन्ही हात पायजम्याला पुसायचे, आणि आम्ही ओळखायचो की काम अजून झालेलं नाही. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. अणदूरजवळच्या आमच्या सहकारी तेलगिरणीत ते फिटर होते. आम्ही त्यांना मेस्त्री म्हणायचो.

दुष्काळाच्या सालात त्यांनी खंडोबाच्या जत्रेसाठी एक खेळ करायला घेतला. काचेच्या दर्शनी बाजूची लाकडी पेटी, आत उभी विहीर, तळाशी पत्र्याची इवलीशी बादली आणि बादलीत एक गोटी. पेटीबाहेरच्या दोन मुठी फिरवून, मधल्या फिरत्या चाकांना चुकवत, गोटी न सांडता बादली वर आणायची.

"हे कशापायी, मेस्त्री?" मी विचारलं.

"बायको रोज कोसभरावरनं पाणी आणती. एकदा तरी तिनं हसत पाणी काढावं."

मग काय, पाळी सुटली की ते दारातच उभे. "चला, जादा पाळी!" मजुरी म्हणून गुळाचा चहा. आम्ही कुरकुरायचो, घरची बोलणी खायचो आणि तरी जायचो. दर साली जत्रा जवळ आली की त्यांना हटकून नवं काही सुचायचं आणि खेळ राहून जायचा. एकदा बादली हलकी वाटली, एकदा खेळ फारच सोपा वाटला. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "आवं, पाऊस तरी येईल, तुमची विहीर न्हाय यायची."

एका साली मात्र सगळं जमलं. जत्रेच्या तोंडावर घाईघाईत आमच्यातल्या एकानं चाकांना तेल दिलं. आम्ही गिरणीतली माणसं, हाताशी करडईचंच तेल. ते वाळून डिंकासारखं चिकटलं आणि जत्रेच्या दिवशी एकही चाक हलेना. तो बिचारा रडकुंडीला आला. मेस्त्री खोकत खोकत हसले. "लई मायेनं पाजलंस रं. आता रॉकेलनं धुऊ."

तो खोकला काही गेला नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर हे खाटेवर चाकं घेऊन बसले. पुढची जत्रा त्यांनी पाहिली नाही. मला त्यांचा राग आला, आजही येतो. थोडं अपुरं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

खेळ आम्हीच जत्रेत मांडला. पहिला मान वहिनींचा. नको नको म्हणत त्यांनी मुठी धरल्या. बादली निम्म्यावर आली आणि गोटी पडली. "अगं बाई!" म्हणत त्या खळखळून हसल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा मुठी धरल्या. मागे दीपमाळेपर्यंत रांग गेली होती. कोणीच त्यांना घाई केली नाही.